माहितीदार क्रमांक चार

४ ऑगस्ट, सोमवार

माधुरी मॅडमनी माझा प्रस्ताव पुन्हा परत केला. या वेळी लाल शाईत एकच ओळ: "यात माणसं कुठे आहेत?"

शोधली. खरंच नाहीत. 'नागरी अवकाशातील पवित्रतेची पुनर्मांडणी' अशा भारदस्त विषयात मी माणसं घातलीच नव्हती, 'श्रद्धाव्यवहारातील कर्ते' घातले होते. मला वाटलं, तेच ते.

मॅडम म्हणाल्या, "चेतना, तू लिहितेस छान. पण तुझं वाचताना मला एकदाही कुणाच्या घरी गेल्यासारखं वाटलं नाही." मग चहा ढवळत सांगितलं, की सव्वीस सप्टेंबरला समितीपुढे सेमिनार आहे आणि त्यात जमलं नाही तर पीएचडीची नोंदणी रद्द. साखर कमी झालीय म्हणावं तशा आवाजात.

सांताक्रूझच्या आमच्या धर्म-अभ्यास विभागात आम्ही पाच जण संशोधन करतो. मॅडमनी पाचही जणांना चिठ्ठीवर आपल्या घरच्यांची श्रद्धेची जागा लिहायला सांगितली. मी लिहिलं, 'सुजाता विहार, घाटकोपर'. चिठ्ठ्या डब्यात गेल्या. आता सात आठवडे प्रत्येकाने दुसऱ्याच्या जागी जाऊन बसायचं. आपल्या घरचं आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्याला टेकून बसलेले असतो, असं मॅडमचं म्हणणं. नियम तीन. माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, क्रमांक द्यायचा. आपल्या जागी जाऊन बसणाऱ्या संशोधकाबद्दल घरी चौकशी करायची नाही. आणि बघायचं, ऐकायचं, पण लुडबुड करायची नाही.

मला मिळालं 'राखणदार, मुलुंड पूर्व'. अक्षर सुबोध परबचं. आणि सुजाता विहार गेला सुबोधकडे! काय योगायोग. मॅडमनी बाकीच्यांना डब्यात हात घालायला लावला, आम्हा दोघांना मात्र स्वतःच चिठ्ठ्या काढून दिल्या. घाईत असाव्यात.

सुबोध मूळचा कणकवलीकडचा. हुशार आहे, पण ते त्यालाही माहीत आहे, हा प्रॉब्लेम.

"यार, तुझी आई असते ना त्या विहारात?" त्याने विचारलं.

"असते. कोपऱ्यात बसते. पण तिच्याकडून तुला काही मिळणार नाही रे. ती बोलतच नाही."

६ ऑगस्ट, बुधवार

पप्पांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे मामला गंभीर.

"बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना?"

"पप्पा, मी पूजा नाही करणार. नुसती बघणार."

"आणि प्रसाद दिला तर?"

यावर आमच्या पद्धतिशास्त्राच्या तासाला काहीच झालेलं नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बिचाऱ्या पोरीला उपाशी ठेवून बघायला लावू नका हो." आईचं हे असं. तात्त्विक प्रश्न कळत नाहीत तिला.

१० ऑगस्ट, रविवार

पहिला दिवस. मुलुंडला परब मंडळींची जुनी चाळ होती, तिच्या जागी आता चोवीस मजल्यांचा टॉवर उभा आहे. नाव 'ग्रीन मॅजेस्टिक'. लोक तेच, फक्त आडवे राहायचे ते आता उभे राहतात. गेटजवळ पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये राखणदार: शेंदूर लावलेला, मांजराएवढा दगड. गिरणीच्या काळात चाळीतल्या धोंडूकाकांच्या वडिलांनी गावच्या राखणदाराला कौल लावून, त्याची परवानगी घेऊन, त्याच्या पायाजवळचा हा दगड मुंबईला आणला. धोंडूकाका आता चौऱ्याहत्तरचे. सकाळी दिवा तेच लावतात.

ते म्हणाले, "हो गावचो राखणदार नाय हां. तो गाव सोडणा नाय. हो तेचो ब्रांच."

हे जसंच्या तसं लिहून घेतलं. ब्रांच!

मग सुबोधच्या आईकडे, मालनकाकूंकडे, बाराव्या माळ्यावर. काकू भजनी मंडळाच्या प्रमुख. आडनाव विचारलं. इंगळे म्हटल्यावर, "इंगळे म्हणजे खयचे?" मी सांगितलं, बुलढाण्याचे, बौद्ध. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "चाय घेतलंस?" मंडळाच्या बायकांना चहा स्टीलच्या पेल्यांत आला, मला कागदी कपात. पाहुणी म्हणून की आणखी कशासाठी, मला माहीत नाही. नोंद करते, अर्थ लावत नाही. पण चहा नीट गेला नाही घशाखाली, हेही नोंदवते.

घरी आले तर आई आधीच विहारातून परतलेली, आणि चक्क बोलत होती. "तो मुलगा किती छान ऐकतो गं."

"त्याचे कानच मोठे आहेत."

"सही घेतली माझी. मी पूर्ण लिहिलं, प्रेमा भाऊराव इंगळे. मग म्हणतो, मावशी, तुमचं नाव कुठंच येणार नाही. मग सही कशाला घेतली?"

मला पुढे विचारायचं होतं. नियम आठवला. गप्प बसले. नियम पाळण्यात मी पहिल्यापासून चांगली आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

आज ग्रीन मॅजेस्टिकमध्ये मोठी बैठक. बिल्डरच्या नकाशात राखणदाराची जागा मागच्या बाजूला, जनरेटरला चिकटून दाखवलीय. लाइट गेली की जनरेटर धडधडणार, धूर थेट देवाच्या तोंडावर. बिल्डरचा इंजिनिअर येणार होता. धोंडूकाकांनी मला विचारलं, "तू धर्माचा शिकतंस, तू सांग, खय ठेवचो?" मी नम्रपणे सांगितलं की मी लुडबुड करू शकत नाही.

काकू म्हणाल्या, "बरोबर आसा. तुका काय बोलाचा नाय. तू नुसता लिहीत ऱ्हव."

मग त्यांनी मला खास पहिल्या रांगेत, इंजिनिअरच्या बरोब्बर समोर बसवलं. चष्मा घालायला लावला. गळ्यात विभागाचं ओळखपत्र आहे का विचारलं. मांडीवर ठेवायला एक जाडजूड फाइल दिली. उघडून बघितली तर आत गॅसची जुनी बिलं. मी म्हटलं, कशाला? "हात टेकाक," काकू म्हणाल्या. किती काळजी घेतात!

इंजिनिअर आला. आधी जोरात होता. नकाशा पास झालाय, आता काही होणार नाही, वगैरे. मी त्याचं प्रत्येक वाक्य लिहून घेत होते, मध्येच 'जरा पुन्हा सांगता?' म्हणत होते, कारण तो फार भरभर बोलत होता. काकू मागून कुणाला तरी म्हणाल्या, "युनिव्हर्सिटीतून इली हा. दर आयतवारी येता. सगळा लिहिता." इंजिनिअर पाणी प्यायला. हळूहळू त्याचा आवाज खाली आला. शेवटी म्हणाला, गेटजवळ बागेच्या कडेला थोडी जागा निघू शकते, तो साहेबांशी बोलेल.

एक गोष्ट कळली नाही. मी चकार शब्द बोलले नाही, तरी तो अख्खा वेळ माझ्याकडेच बघून का बोलत होता? 'अधिकारी व्यक्ती आणि स्त्री-निरीक्षक यांतील दृष्टिसंबंध' यावर काही वाचायला हवं.

वर गेल्यावर काकूंनी एक खोका फोडला. शिफ्टिंगचे खोके अजून तसेच पडून आहेत त्यांच्याकडे. त्यातून निळ्या फुलांचा कप काढला, धुतला आणि मला त्यातून चहा दिला. "हो तुझो. आता तू रोजचीच झालंस." म्हणजे तेव्हा कप खोक्यातच होते म्हणून कागदी? पण मग इतरांना पेले कुठून आले? मी विचारलं नाही. चहा मात्र सगळा प्यायले.

प्रसादाची शिरणी पण खाल्ली. गूळ-खोबरं. पप्पांना काय सांगायचं ते नंतर बघू.

२४ ऑगस्ट, रविवार

फिल्डच गावाला गेलं! बुधवारी गणपती. अख्खा टॉवर कणकवली, देवगड, मालवणकडे रवाना. मी पोचले तेव्हा वॉचमन एकटा होता. म्हणाला, "मॅडम, अब सीधा दस-बारा दिन बाद." आमच्या अभ्यासक्रमात 'क्षेत्रातून बाहेर पडणं' यावर अख्खं प्रकरण आहे. क्षेत्रच बाहेर पडलं तर काय, यावर ओळ नाही.

सुबोधचं क्षेत्र मात्र जोरात. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास चालू आहे, दर रविवारी विहारात ग्रंथवाचन, मग खीर. साला तीन वाट्या खीर खातो, असं आईच म्हणाली. तो स्वतः गणपतीला गावाला गेला नाही! काकू फोनवर चिडल्या होत्या म्हणे. मी त्याला विचारलं, तर म्हणतो, "अगं, एक माहितीदार अशी मिळालीय ना, झकास! मध्येच सोडून कसा जाऊ?"

"कोण?"

"गोपनीयता, मॅडम."

३१ ऑगस्ट, रविवार

आई हल्ली शनिवारीच पांढरी साडी इस्त्री करून ठेवते. आज विहारात अर्धा तास आधी गेली. पप्पांनी विचारलं, एवढी घाई कसली? "जागा मिळत नाही नंतर," म्हणाली. सुजाता विहारात जागा मिळत नाही? तिथे पाठ टेकून दहा जण झोपतील एवढी जागा असते.

दुपारी मी लिहीत बसले होते. आई येऊन उभी राहिली. "चेतना, तुला एक सांगू का? आमच्या गावाकडं ना..."

"आई, प्लीज. लिंक तुटते."

"बरं बरं. लिही तू."

मी 'समुदायातील ज्येष्ठ स्त्रियांचं मौन' हा भाग लिहीत होते. चांगला झालाय. या स्त्रियांना व्यक्त व्हायला अवकाशच मिळत नाही, हा मुद्दा मॅडमना नक्की आवडेल.

१४ सप्टेंबर, रविवार

मंडळी परतली. येताना माझ्यासाठी कोकम आणि एक फणसपोळी. मॅडमना विचारलं, भेट घ्यावी का? मॅडमचा मेसेज आला: "फणसपोळी असेल तर अर्धी विभागात आण."

बागेच्या कडेची जागा पास झाली! पितृपक्ष संपला की घटस्थापनेला राखणदार तिथे बसणार. धोंडूकाका इतके खूश, की मला म्हणाले, "तुझ्यामुळा झाला." मी स्पष्ट सांगितलं, काका, मी काहीच केलं नाही, मी तटस्थ होते. "तर तर," काका म्हणाले, आणि काकूंकडे बघून हसले. म्हातारी माणसं उगाच हसतात.

सुबोधशी आज कडाक्याचं भांडण. मी विचारलं, माझी आई तुला काय सांगते एवढं? तो म्हणाला, नियम. मी म्हटलं, खड्ड्यात गेला नियम, ती माझी आई आहे. तो एकदम गंभीर झाला. "चेतना, तूच का नाही विचारत?"

"मला काय विचारायचंय? मला माहीतच आहे सगळं. एका घरात सत्तावीस वर्षं राहतोय आम्ही."

त्याने फक्त बॅगेची चेन लावली. त्याचं असं वागणं मला अजिबात आवडत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

हे लिहिताना अजून अंगावर काटा येतोय आणि हसूही.

सकाळी राखणदाराची स्थापना. सगळा टॉवर खाली जमला. मी माझ्या नेहमीच्या निरीक्षणाच्या जागी, कडेला. काकूंनी हाताला धरून मध्ये आणलं. धोंडूकाकांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्या आवाजात केलेलं मागणं. एक जण मागतो आणि प्रत्येक मागणीला बाकी सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावचा घर सोडून आमी हयसर इलों, चाळ सोडून टावरात चढलों, पण तुका इसारलों नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती लिफ्ट सातव्या माळ्यार अडाकता, ती सुरळीत चालू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे फार जोरात. वरच्या मजल्यांवरचे होते बहुतेक.

"नळाक पाण्याचा प्रेशर येव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी लिहीत होते. गाऱ्हाण्याची रचना, लय, सामूहिक प्रतिसाद. आणि मग:

"आणि ही आमची घाटकोपरची चेतना! हिची सव्वीस तारखेक परीक्षा आसा. हिच्या वाटेक जो कोण आडवो येयत, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दोनशे माणसं एकदम ओरडली. आणि त्यात एक आवाज माझा होता. मीच! पेन हातात, चष्मा नाकावर, आणि घशातून खणखणीत 'व्हय म्हाराजा'. काकूंनी वळून बघितलं. मी लगेच खोकल्याचं नाटक केलं.

वाट लागली. निरीक्षक म्हणून वाट लागलीच, पण घरी काय तोंड दाखवू? आमच्याकडे हे मस्करीत नेण्यासारखं नाही. आजोबांनी घरातले सगळे देव उचलून नदीत सोडले होते, आणि ते का सोडले हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पप्पांना सांगून टाकलं. शिरणीचंही.

पप्पांनी पेपर खाली ठेवला. "व्हय कुणाला म्हणालीस? दगडाला का म्हाताऱ्याला?"

मी आठवून पाहिलं. मी दगडाकडे बघतच नव्हते. काकांचा हात थरथरत होता, नारळ पडेल की काय असं वाटत होतं, आणि ते माझं नाव घेत होते. "म्हाताऱ्याला."

"मग ठीक आहे," पप्पा म्हणाले. पेपर वर केला. मग पेपरमागून, "पण तो आडवा येणारा बाजूला झाला तर सांग. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी पण आहे एक."

प्रस्ताव पुन्हा लिहायला घेतला. 'कर्ते' खोडून 'धोंडूकाका' लिहिलं, मग तेही खोडून 'माहितीदार क्र. १'. 'व्हय म्हाराजा' लिहू की नको? लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सेमिनार झाला. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन. नाही, विसरणार नाही. तरी लिहिते.

बाहेरचे तज्ज्ञ म्हणून नंदकिशोर सर आले होते. त्यांच्याबद्दल आधीच ऐकलं होतं, की ते आधी हसतात आणि मग नापास करतात. आमच्यापुढे येऊन ते हसले.

मी वाचलं. राखणदाराची 'ब्रांच', जनरेटर, गावाला गेलेलं क्षेत्र. माहितीदार क्रमांक दोन सांगतात, त्यांचा मुलगा कॉलेजात गेल्यापासून राखणदाराला हात जोडत नाही, सगळ्यांशी वाद घालतो, पण प्रत्येक निकालाच्या आदल्या दिवशी गुपचूप नारळ ठेवून येतो आणि त्याला वाटतं कुणी बघत नाही. समोर बसलेल्या सुबोधचे कान टोमॅटोसारखे लाल. एवढे मोठे कान, लाल झाले की खोलीभर दिसतात.

नंदकिशोर सर म्हणाले, "तुम्ही लिहिलंय की तुम्हीही 'व्हय म्हाराजा' म्हणालात. हे संशोधन आहे की कबुलीजबाब?"

मी हातातले कागद खाली ठेवले. "सर, मी म्हणाले नसते तर दोनशे माणसांत गप्प मी एकटीच उरले असते. मग सगळ्यांनी राखणदाराला सोडून माझंच निरीक्षण केलं असतं."

ते हसले. आता मेले, असं वाटलं. पण ते हसतच राहिले.

मग मॅडमनी विचारलं, "बैठकीत तुला पहिल्या रांगेत का बसवलं होतं?"

"मला नीट ऐकू यावं म्हणून, मॅडम."

 मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. मला कळेना. शेवटी सुबोध म्हणाला, "अगं, तुला इन्स्पेक्टर म्हणून बसवलं होतं त्यांनी! चष्मा, आयकार्ड, फाइल! माझी आई काय चीज आहे, तुला माहीत नाही."

गॅसची बिलं. 'हात टेकाक.' अरे देवा! म्हणजे, अरे बापरे!

"म्हणजे लुडबुड झालीच," मॅडम म्हणाल्या.

"मी नाही केली, मॅडम!"

"तू नाही केलीस. त्यांनी तुझ्याकडून करून घेतली. तू त्यांचा अभ्यास करत होतीस, आणि त्यांनी तुझा केव्हाच पूर्ण केला होता. आता हेच लिही. टॉवर उभे राहतात तेव्हा माणसं आपल्या देवासाठी जागा कशी मिळवतात. हा तुझा विषय."

नंदकिशोर सर म्हणाले, "प्रस्ताव मंजूर. शीर्षक बदला. वाचताना दम लागतो."

मंजूर! मी खाली बसले. पाणी प्यायले. मग सुबोध उठला.

त्याने सुजाता विहाराबद्दल वाचायला सुरुवात केली. ग्रंथवाचन, खीर, पांढऱ्या साड्या. मी अर्धवट ऐकत होते, मनात अजून 'मंजूर' वाजत होतं. मग तो म्हणाला, माहितीदार क्रमांक चार. वय छप्पन्न. मूळ मेहकरकडच्या.

"त्या म्हणतात: 'वाचन सुरू झालं की पहिली पाच मिनिटं मी बसल्या बसल्या झोपते. घरात कुणी निवांत झोपू देत नाही. भंतेजींना माहीत आहे. ते उठवत नाहीत, आवाज जरा कमी करतात.'"

सगळे हसले. मीही हसले. मग हसणं मध्येच अडकलं. मेहकर.

"'लग्नाआधी मी गायन पार्टीत होते. खंडूदादाची पार्टी. चौदा एप्रिलला एका दिवसात तीन तीन गावं करायचो. बैलगाडीत बसून रियाज. लग्न झालं तरी दोन वर्षं गायले. मग मुंबईला आले. इथं भिंती पातळ. गायलं की शेजारचे भिंत वाजवायचे. आधी मी हळू गायला लागले, मग मनात, मग गळ्यालाच सवय राहिली नाही.'"

आई. गाणारी. माझ्या आईला मी कधी अंगाई म्हणतानाही ऐकलेलं नाही.

सुबोध पानावरून मान वर करत नव्हता. "मी विचारलं, हे तुमच्या घरी माहीत आहे? त्या म्हणाल्या, 'नवऱ्याला माहीत आहे. माझी मुलगी धर्मावरच शिकते. सगळ्यांना विचारत फिरते, तिची एक रांग आहे, त्यात माझा नंबर येईल कधीतरी.' मग मी शेवटच्या कार्यक्रमाबद्दल विचारलं. हा एकच प्रश्न त्यांनी नाकारला. म्हणाल्या, 'तेवढं तुम्हाला नाही सांगणार. ते तिच्यासाठी ठेवलंय.'"

नंदकिशोर सर म्हणाले, "उत्तम माहितीदार. यांना पुन्हा भेटा."

"मी नाही, सर," सुबोध म्हणाला. "दुसऱ्या कुणीतरी भेटायला पाहिजे."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. नाक शिंकरलं. सुबोध मागोमाग आला.

"चिडलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

"नाही रे बाबा."

तो बाजूला उभा राहिला. मग म्हणाला, "नारळाचं आईला खरंच माहीत आहे?" आम्ही दोघं इतके हसलो की शिपाई बघायला आला.

२८ सप्टेंबर, रविवार

काल दिवसभर विचारायचं धाडस झालं नाही. अनोळखी माणसांना विचारायला मला कधी भीती वाटली नव्हती.

आज आईबरोबर विहारात गेले. ती खरंच झोपते! हात जोडलेले, मान सरळ, मध्येच ओठ हलवते. भंतेजींनी आवाज कमी केला. पाच मिनिटांनी डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, मी बघत होते का ते. मी समोर बघितलं.

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली. मी समोर बसले. पेन नाही, काही नाही. चार काड्या निवडल्या आणि म्हटलं, "आई, तुझा शेवटचा कार्यक्रम कुठे झाला होता?"

तिचे हात थांबले. "त्या पोराने सांगितलं?"

"नाही. त्याने फक्त तू सांगणार नाहीस एवढंच सांगितलं."

आई हसली. किती दिवसांनी ती माझ्याकडे बघून अशी हसली, की मीच तेवढे दिवस बघितलं नव्हतं, कोण जाणे.

"जानेफळजवळ एक खेडं आहे. तुझा सातवा महिना होता. खंडूदादा म्हणाला, प्रेमा, तू आज खुर्चीत बसून गा. मी म्हटलं, बसून आवाज निघत नाही. उभी राहिले. समोर सगळं गाव. गावच्या पोरी पहिल्यांदा शाळेला निघाल्या, त्याचं गाणं होतं, दादानेच रचलेलं. आणि कोरस आला की तू लाथ मारायचीस. बरोब्बर ठेक्यावर! एकदा नाही, प्रत्येक कोरसला. ढोलकीवाल्याच्या हे माझ्या तोंडाकडे बघून लक्षात आलं. तो मुद्दाम लय वाढवायला लागला, तरी तू चुकली नाहीस. मला हसू आवरेना. गाणं गातेय आणि हसतेय. लोकांना वाटलं, हिला झालंय काय. पोटात अख्खी ढोलकी घेऊन मुंबईला आले मी." तिने मेथीची जुडी झटकली. "आणि आता बघ. तुला टाळीसुद्धा धड वाजवता येत नाही."

मी मेथी बाजूला सारली. मग म्हटलं, "गा ना."

"हट्. आता कुठला आवाज."

"गा ना गं."

"कोरसला कोण?"

"मी आहे ना."

आईने आधी दाराकडे बघितलं, मग पदर नीट केला आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज फाटला. ती थांबली, खाकरली, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. दुसरी ओळ सरळ गेली. तिसऱ्या ओळीला ती माझी आई राहिलीच नाही, कुणी वेगळीच बाई होती, ताठ बसलेली, भुवया वर, हाताने मला 'आता' अशी खूण करणारी. मी उचललं. कुठेतरी भलत्याच पट्टीत. आतून पप्पा बाहेर आले, पेपर काखेत धरून, आणि एक शब्दही न चुकता कोरस म्हणायला लागले.

आईने गाता गाता माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

"बेसूर आहेस गं," दोन कडव्यांच्या मध्ये ती म्हणाली. "पण थांबू नकोस."